खोट्या नोंदींचें शिक्षण

आपल्याकडे शिक्षणाच्या एखाद्या शाखेविषयीं तक्रारी वाढूं लागल्या कीं त्यांवरचा उपाय ठरलेला असतो. अभ्यासमंडळ बसतें, जुने विषय जातात, नवे येतात, आणि आपण कांहीं तरी केलें असें समाधान सर्वांस लाभतें. अभियांत्रिकीच्या पदवीधरांस प्रत्यक्ष काम येत नाहीं ही ओरड जुनीच आहे. आणि तिच्या उत्तरादाखल विद्यापीठांनीं अभ्यासक्रम किती वेळां बदलले याची मोजदाद करणेंही आतां अवघड झालें आहे. वार्षिक परीक्षा गेली, सत्रपरीक्षा आली; गुण गेले, श्रेयांक आले; आणि अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्ता, विदाशास्त्र अशा नांवांच्या नव्या शाखांचें असें पीक आलें आहे कीं, जुन्याच इमारतींत, जुन्याच अध्यापकांच्या हाताखालीं, नुसती दारावरची पाटी बदलून नवी विद्या अवतरली असें पालकांस वाटावें. 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' ही म्हण करणाऱ्यानें जणूं आमच्या महाविद्यालयांचीं माहितीपत्रकेंच वाचलीं होतीं!

आमचें म्हणणें असें आहे कीं, दुखणें अभ्यासक्रमांत नाहींच. बहुतेक विद्यापीठांचा अभ्यासक्रम कागदावर ठीक असतो. पुष्कळदां तो चांगलाही असतो. दुखणें आहे तें विद्यार्थ्याच्या त्या वहींत, जिला तो 'जर्नल' म्हणतो. या वहींत चार वर्षें तो जें लिहितो आणि त्याचे गुरुजन खालीं सही करून जें मान्य करतात, त्यांत खरें किती असतें, हा प्रश्न विचारण्याचें धैर्य आपल्याला होत नाहीं तोंपर्यंत अभियांत्रिकीच्या सुधारणेच्या सर्व गोष्टी व्यर्थ होत.

ज्या वाचकांच्या घरांत या विद्येचा विद्यार्थी नाहीं त्यांच्याकरितां हा प्रकार थोडा उलगडून सांगितला पाहिजे. प्रत्येक विषयाला आठ-दहा प्रयोग नेमलेले असतात. ते करून, मोजमापें घेऊन, आलेख काढून, निष्कर्षासह वहींत उतरावयाचे आणि सत्राच्या अखेरीस ती वही सादर करावयाची. यालाच 'सबमिशन' म्हणतात. आतां घडतें तें असें. एका यंत्राभोंवतीं वीस विद्यार्थी उभे राहतात. त्यांतील दोघे यंत्राला हात लावतात, तिघे आंकडे टिपतात, बाकीचे खिडकीबाहेर पाहतात. कधीं यंत्र बिघडलेलें असतें, कधीं तें चालविणारा साहाय्यक रजेवर असतो, आणि मग प्रयोग होतच नाहीं. वहींत मात्र तो झालेला असतो! मागील वर्षाच्या एखाद्या हुशार मुलाची वही वसतिगृहांत हातोहात फिरते, आणि सत्राच्या शेवटच्या आठवड्यांत मध्यरात्र उलटेपर्यंत जागून साठ विद्यार्थी तेच ते आंकडे साठ वह्यांत उतरून काढतात.

यांतला अधिक हुशार विद्यार्थी नक्कल करीत नाहीं. तो उलट्या दिशेनें जातो. पोलादाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक चौरस मिलिमीटरला सुमारें २ लक्ष न्यूटन यावयास पाहिजे हें त्याला पुस्तकावरून ठाऊक असतें. तेव्हां तो प्रथम उत्तर लिहितो, मग त्या उत्तरास जुळेल असा आलेख काढतो, आणि शेवटीं आलेखावरून मोजमापें 'घेतो'. सगळेच बिंदु रेषेवर पडले तर संशय येईल म्हणून दोन-तीन बिंदु थोडे बाजूला सारण्याइतकें चातुर्यही तो शिकलेला असतो. अशी वही पाहून गुरुजी प्रसन्न होतात. याच्या उलट ज्या भोळ्या मुलानें खरोखर मोजलें आणि ज्याचा आंकडा दीड लक्षच आला, त्याला 'चुकलें, पुन्हां करा' असा शेरा मिळतो. तो आंकडा कां आला, पोलादाचा नमुना यंत्राच्या जबड्यांत घसरत होता काय, लांबी मोजणाऱ्या साधनाचें शून्य हललें होतें काय, हाच वास्तविक अभियांत्रिकीचा प्रश्न. पण तो तेथेंच मरतो. 'पुन्हां करा' म्हणजे काय करावयाचें, तें त्या मुलाला त्याचे मित्र समजावून सांगतात.

सर्वेक्षणाची गोष्ट याहूनही बोलकी आहे. जमिनीच्या चढउताराचें मोजमाप, ज्याला लेव्हलिंग म्हणतात, तें एका ज्ञात उंचीच्या खुणेपासून निघून फिरून त्याच खुणेवर आणून मिटवावयाचें असतें. निघतांनाची उंची आणि परततांनाची उंची यांत कांहीं मिलिमीटरांचा फरक येतोच. कारण मनुष्याचा डोळा, हातांतील पट्टी, ऊन आणि वारा यांपैकीं कोणीच निर्दोष नाहीं. साध्या कामांत एक किलोमीटरास २४ मिलिमीटरपर्यंत फरक चालावा, असा नियमच पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. या शास्त्राचें दुसरें एक व्रत असें कीं, जागेवर लिहिलेल्या वहींत खोडरबर लावूं नये; आंकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारून शेजारीं नवा लिहावा, म्हणजे पुढें पाहणाऱ्यास चूकही वाचतां येते. कानेटकर आणि कुलकर्णी यांचा सर्वेक्षणावरील इंग्रजी ग्रंथ पुण्यांत निघाला आणि देशभर पाठ्यपुस्तक म्हणून वापरला गेला. असा ग्रंथ ज्या प्रांतांत निर्माण झाला तेथें विद्यार्थ्यांच्या वह्यांत हा फरक नेमका शून्य यावा आणि रेघ मारलेला एकही आंकडा दिसूं नये, याला काय म्हणावें? ज्या मोजणींत चूक नाहीं ती मोजणी झालेलीच नाहीं, हें परीक्षकास पक्कें ठाऊक असतें. तरी तो सही करतो.

यावरून विद्यार्थ्यांस झोडपण्याचा आमचा हेतु नाहीं. सर्वच ठिकाणीं असें चालतें असेंही आम्ही म्हणत नाहीं. जीव ओतून प्रयोग करून घेणारे अध्यापक आहेत, आणि त्यांच्यामुळेंच ही विद्या अद्याप जिवंत आहे. पण व्यवस्थेचा कल कोणीकडे आहे तें पाहिलें पाहिजे. तासिका तत्त्वावर नेमलेला, तासागणिक मोबदल्यावर पोट भरणारा तरुण अध्यापक साठ वह्या वाचणार केव्हां, आणि खोटा आंकडा पकडून भांडण ओढवून घेणार तें कोणाच्या बळावर? बाहेरगांवाहून आलेला परीक्षक एका दुपारींत साऱ्या तुकडीची तोंडी परीक्षा उरकून परतीच्या गाडीची वेळ पाहत असतो. लेखी परीक्षेला मागील कांहीं वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडविलेल्या असल्या म्हणजे भागतें. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही पैसे टाकले कीं अहवालासकट तयार मिळतो. अशा स्थितींत खरें मोजणारा विद्यार्थी मागें पडतो आणि खोटें नीटनेटकें लिहिणारा पुढें जातो. चार वर्षांत त्याला मिळणारें सर्वांत पक्कें शिक्षण हेंच होय.

कोणी म्हणेल, वहींतल्या चार आंकड्यांचें एवढें काय मनावर घ्यावें? नोकरी लागली कीं मुलगा आपोआप शिकतो. तो काय शिकतो तें पाहूं. काँक्रीटचें काम चालू असतांना त्याच मालाचे १५ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे भरून ठेवावयाचे आणि ७ व २८ दिवसांनीं ते यंत्राखालीं दाबून फोडून पाहावयाचे, अशी पद्धति आहे. २८ दिवसांनंतर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन किंवा जें कांहीं बळ नेमलेलें असेल तें आलें, तर काम पुढें जावें. न आलें तर थांबावें. कामावर नव्यानें लागलेल्या पदवीधराच्या हातीं या ठोकळ्यांची नोंदवही येते. कधीं ठोकळे भरलेलेच नसतात. कधीं ते स्लॅबच्या मालाचे नसून खास त्यांच्यापुरत्या कालविलेल्या मालाचे असतात. पण वही मात्र पुरी पाहिजे असते. येथें त्या तरुणाला कोणी धमकी द्यावी लागत नाहीं. त्याचा हात सवयीनें चालूं लागतो. उत्तर आधीं, मोजमाप मागाहून; आणि सगळे आंकडे सारखे दिसूं नयेत म्हणून एखादा थोडा खालीं, एखादा थोडा वर. ही विद्या त्याला ठेकेदारानें शिकविलेली नसते. ती त्याला पदवीबरोबर मिळालेली असते.

मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजीं सायंकाळीं, घरीं परतणाऱ्या माणसांनीं रस्ता भरलेला असतांना, कोसळला आणि माणसें मेलीं. त्या पुलाची तपासणी त्यापूर्वीं झालेली होती. तींत तो किरकोळ दुरुस्तीनें वापरण्याजोगा ठरलेला होता. या एका दुर्घटनेचा दोष कोणा महाविद्यालयाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल, आणि तसें आम्हांस करावयाचें नाहीं. पण तपासणी म्हणजे काय, सही म्हणजे काय, आणि कागदावरचा शेरा व डोळ्यांपुढचें लोखंड यांत अंतर पडलें तर कोण मरतो, हें ज्या वयांत मनावर ठसावयाचें त्या वयांत आपण मुलांकडून कोरे कागद भरून घेत असतों, एवढें तरी कबूल करावें लागेल.

तसें पाहिलें तर हें ठसविण्याचें साधन आपल्या दाराशींच आहे. पानशेतचें मातीचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें आणि त्यामागून खडकवासल्याचें. निम्मेंअर्धें पुणें पाण्याखालीं गेलें. धरण पुरें होण्यापूर्वींच त्यांत पावसाळ्याचें पाणी चढलें होतें. पाणी सोडण्याच्या नळावरचा मातीचा भाग खचत चालला होता, आणि जवान त्यावर वाळूचीं पोतीं रचीत होते. त्या धरणाचा छेद काढून, कोठें काय अपुरें होतें, पाणी केव्हां अडविलें, आणि कोणत्या दिवशीं कोणी काय म्हणावयास हवें होतें, याचा विचार करावयास किती स्थापत्य-विद्यार्थ्यांस आजवर सांगितलें गेलें असेल? पाठ्यपुस्तकांतलीं धरणें कधीं फुटत नाहींत. म्हणून तीं शिकवावयास सोपीं, आणि शिकण्यास निरुपयोगी.

आतां कोणी असें समजतील कीं, विद्यापीठी शिक्षण म्हटलें कीं हें असेंच चालावयाचें. हाताचें काम कारखान्यांत आणि डोक्याचें वर्गांत, हा त्याचा धर्मच आहे. त्यांनीं इतिहासाकडे थोडें पाहावें. पुण्यास १८५४ सालीं अभियांत्रिकीचा वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकाम खात्यास हाताखालचीं माणसें पुरविण्याकरितां. आराखडा साहेबानें द्यावयाचा, इकडच्या माणसानें तो बरहुकूम उतरावयाचा. ज्या शिक्षणाचा हेतु बरहुकूमपणा, त्यांत अपेक्षित उत्तर येणें हाच सद्‌गुण ठरावा यांत नवल नाहीं. जपाननें १८७३ सालीं टोकियोंत अभियांत्रिकीचें महाविद्यालय सुरू केलें आणि तें उभारण्यासाठीं हेन्री डायर नांवाच्या एका तरुण स्कॉटिश अभियंत्यास बोलाविलें. त्यानें सहा वर्षांचा क्रम आंखला. त्यांतील शेवटचीं दोन वर्षें सर्वस्वीं प्रत्यक्ष कामाचीं, आणि आधींच्या वर्षांतही वर्गाबरोबर कामाचा वांटा ठरलेला. त्या विद्यालयांतून १८८३ सालीं तानाबे साकुरो हा विद्यार्थी बाहेर पडला. त्याचा पदवीचा प्रबंध म्हणजे बिवा सरोवराचें पाणी क्योतो शहरास आणण्याच्या कालव्याची योजना होती. पाहणी करतांना उजव्या हातास इजा झाली तेव्हां त्यानें डाव्या हातानें लिहून व आराखडे काढून ती पुरी केली, असें सांगतात. तो कालवा १८८५ सालीं सुरू होऊन १८९० सालीं पुरा झाला, आणि तो बांधण्याचें काम याच तरुणावर सोंपविलेलें होतें. पुढच्याच वर्षीं त्या पाण्यावर वीज निघूं लागली.

त्याच १८८३ सालीं पुण्याच्या महाविद्यालयांतून विश्वेश्वरय्या पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले. तेव्हां आमच्याच पद्धतींतून विश्वेश्वरय्या निघाले नाहींत काय, असें कोणी विचारील. निघाले, पण ते घडले कोठें? खानदेशांत पांझरेच्या पात्राखालून पाणी पार नेणारा नळ घालतांना, आणि पुढें १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवितांना. असामान्य मनुष्य वाईट शिक्षणांतूनही पार पडतो. शिक्षणाची परीक्षा सामान्य मनुष्यावर घ्यावयाची असते. आणि जपाननें आपल्या सामान्य विद्यार्थ्यांस जी वाट घालून दिली ती आपण दीडशें वर्षांतही घालून दिलेली नाहीं.

स्वातंत्र्यानंतर संस्था वाढल्या. १९५१ सालीं खरगपूरची आणि १९५८ सालीं मुंबईची तंत्रशिक्षण संस्था निघाली. १९८३ सालीं महाराष्ट्र सरकारनें विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांस परवानगी दिली, आणि पुढें साखर कारखान्यांच्या शेजारीं अभियांत्रिकी महाविद्यालयें उभीं राहिलीं. त्यामुळें लहान गांवांतल्या, पहिल्यांदांच शिकणाऱ्या घरांतल्या मुलांस ही विद्या खुली झाली. तिचा उपहास करणाऱ्यांत आम्ही नाहीं. पण संस्थांबरोबर कागदही वाढला. २०१४ सालीं आपला देश वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद झाला आणि 'फलनिष्पत्ति' मोजण्याची नवी रीति रूढ झाली. विद्यार्थ्यास काय येऊं लागलें तें आधीं ठरवावें आणि मग तपासावें, ही कल्पना उत्तमच. पण तिचें पुढें काय झालें? प्रत्येक विषयाच्या प्रत्येक हेतूपुढें टक्क्यांचे तक्ते भरण्याचें काम अध्यापकांवर आलें. तपासणीची समिति येणार असली कीं महाविद्यालयांतले दिवे रात्रीं उशिरापर्यंत जळतात, आणि मागील तीन वर्षांचे तक्ते एका आठवड्यांत तयार होतात. उत्तर आधीं, मोजमाप मागाहून! वसतिगृहांतली विद्या अध्यापक-कक्षांत पोंचली, एवढाच काय तो फरक. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

मराठींतून अभियांत्रिकी शिकविण्याचा जो प्रश्न अलीकडे पुढें आला आहे त्यासंबंधींही येथें दोन शब्द लिहिले पाहिजेत. २०२१ सालापासून प्रादेशिक भाषांतून या पदवीचा अभ्यास करण्यास परवानगी मिळाली, हें योग्यच झालें. यंत्र कां बिघडलें हें मुलगा ज्या भाषेंत मित्राला सांगतो त्याच भाषेंत तें त्याला परीक्षेंतही सांगतां यावें. परंतु खोटें जर्नल मराठींत लिहिलें म्हणून तें खरें होत नाहीं. स्वभाषेची खरी कसोटी अशी कीं, "माझा आंकडा पुस्तकाशीं जुळत नाहीं, मला कारण असें वाटतें" हें वाक्य विद्यार्थी तींत निर्भयपणें लिहूं शकतो कीं नाहीं.

मग करावें काय? आमच्या सूचना साध्या आहेत. प्रयोगांची संख्या दहांवरून तीन-चारांवर आणावी. पण ते असे असावेत कीं त्यांचें उत्तर कोणत्याही पुस्तकांत नसेल. महाविद्यालयाच्या विहिरीवरचा पंप प्रत्यक्ष किती पाणी चढवितो आणि त्यास किती वीज लागते. शेजारच्या ओढ्यांतून श्रावणांत किती पाणी वाहतें आणि मार्गशीर्षांत किती. ग्रंथालयाचें छत भार पडल्यावर किती वांकतें. अशा मोजणीला नक्कल करण्यास मागील वर्षाची वहीच उपयोगी पडत नाहीं. नोंद जागेवर, शाईनें व्हावी. खोडरबर वर्ज्य असावा. आणि निम्मे गुण चुकीच्या विवेचनाला ठेवावेत. तोंडी परीक्षा त्या यंत्रापुढें किंवा त्या ओढ्याच्या कांठीं, प्रत्यक्ष काम करणाऱ्या अभियंत्यानें घ्यावी. पडलेले पूल, फुटलेलीं धरणें आणि जळालेले कारखाने यांचे चौकशी-अहवाल पाठ्यपुस्तकांच्या बरोबरीनें वाचावयास लावावेत. आणि अध्यापकांस कायम नेमणूक देऊन दर पांच-सहा वर्षांनीं एक वर्ष बांधकामावर, कारखान्यांत किंवा पाटबंधाऱ्यांवर पाठवावें. रुग्णालयावांचून वैद्यक शिकविण्याची कल्पना कोणास हास्यास्पद वाटणार नाहीं? मग ज्या शिक्षकानें उभ्या जन्मांत एकही भिंत उभी केलेली नाहीं त्यानें भिंती शिकवाव्या, हें मात्र आपण मुकाट्यानें चालवून घेतों.

यांवर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. त्यास उत्तर असें कीं, चार खऱ्या प्रयोगांना दहा खोट्या प्रयोगांहून अधिक खर्च येण्याचें कारण नाहीं. ओढा आणि छत हीं फुकट आहेत. दुसरा आक्षेप असा कीं, विद्यार्थ्यांस कामाचा अनुभव मिळावा म्हणून इंटर्नशिप आतां अभ्यासक्रमांत आलेलीच आहे. आली आहे खरी. पण ती पुरी झाल्याचा पुरावा म्हणजे पुन्हां एक प्रमाणपत्र आणि पुन्हां एक वही! ज्या हातांस खोटी वही भरण्याची संवय लागली आहे त्यांच्याकडे आणखी एक वही देऊन काय साधणार?

शेवटीं पालकांस एक सांगावयाचें आहे. प्रवेश घेतांना तुम्ही विचारतां कीं, येथून किती मुलांस नोकरी लागते आणि पगार काय मिळतो. विचारा, संसार सर्वांनाच आहे. पण त्याबरोबर प्रयोगशाळेचें दार उघडावयास सांगा, एका विद्यार्थ्याची वही मागून घ्या, आणि तींत रेघ मारून दुरुस्त केलेला एक तरी आंकडा आहे काय तें पाहा. नसेल, तर तेथें फी कितीही असो आणि इमारत कितीही भव्य असो, मुलाला तेथें घालूं नका. तुमचा मुलगा ज्या पुलाची तपासणी करणार आहे त्यावरून उद्यां तुम्हांलाच जावयाचें आहे.